चौगुल्यांच्या गॅरेजचा गर्डर

"मी खाली उतरणार न्हाई," आदगोंडा चौगुले म्हणाले आणि शिलाई मशीनचं चाक हातानं फिरवून पुन्हा पायडल मारायला लागले.

मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी होते. खोलीला फळ्यांची जमीन होती. फळ्यांखाली सागवानी कड्या, म्हणजे आडवे वासे, आणि त्या कड्यांची टोकं रस्त्याकडच्या भिंतीत. त्या भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागात मात्र आता विटा नव्हत्या, तिथं जीप आत जाईल एवढी मोकळी जागा होती. वरची भिंत, खिडकी, निम्मं छप्पर, ही जमीन, मशीन आणि मशीनवर बसलेले अण्णा, सगळं त्या घटकेला लोखंडी टेकूंवर उभं होतं. आणि ते टेकू आज मी सैल करणार होते.

"अण्णा, एका दिवसाचं काम आहे," मी म्हणाले. "समोरच्या देवळात बसा जरा. तिथनं सगळं दिसेल."

"पडणार हाय का घर?"

"नाही."

"मग कशाला उतरू?"

घर पडणार नाही हे मीच गेले महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

ही गोष्ट गडहिंग्लजची, तीसेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कोल्हापुरातल्या एका कंत्राटदाराकडची नोकरी सोडून गावात स्वतःच्या नावाची पाटी लावली होती, 'शैलजा शिंत्रे, स्थापत्य अभियंता'. पाटी वाचायला बरेच जण थांबत, आत कोणी येत नसे. आलेच तर कुंपणाची भिंत नाही तर संडासाची टाकी. त्यात एक दिवस शांतिनाथ चौगुले आला. चाळिशीचा, दणकट, मितभाषी ड्रायव्हर. त्याची स्वतःची जीप होती, तिच्यातून तो पेशंटना बेळगावला, कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचा. जीप रात्री चौकात उभी राहायची आणि दोनदा तिची बॅटरी चोरीला गेली होती. त्यातल्या एका खेपेला कुणाची तरी बाळंतीण अडली होती आणि गाडी जागची हलली नव्हती. तेवढ्यासाठी त्याला घरातच गॅरेज हवं होतं. खालची पुढची खोली त्याची बैठकीची होती. ती गाडीला द्यायची आणि आपण मागच्या खोलीत बसायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

अडचण अशी की वरचा मजला त्याचा नव्हता. तो थोरल्या भावाचा, आदगोंडांचा. वाटणीत खालचं धाकट्याला आणि वरचं थोरल्याला आलं होतं. गावातले जाणते लोक शांतिनाथला सांगत होते, की बाबा, भिंत फोडायची तर वरचा मजला आधी उतरवून घे, नाही तर गॅरेजचा नाद सोड.

मी जाऊन घर पाहिलं. भिंतीची जाडी मोजली, विटा ठोकून बघितल्या, कड्या कुठं टेकल्यात ते पाहिलं. दोन दिवस हिशेब केला, मग पहिला हिशेब बाजूला ठेवून पुन्हा नव्यानं केला. दोन्ही जुळले.

"होईल," मी शांतिनाथला सांगितलं. "भिंतीखाली दोन लोखंडी गर्डर शेजारी शेजारी बसवू. वरची एक वीट हलणार नाही."

त्यानं नक्की का, म्हणून विचारलं. मी नक्की म्हणाले. मला शंका नव्हती म्हणून म्हणाले, धीर द्यायला नाही.

थोरल्याची संमती मात्र हवी होती आणि तिथं घोडं अडलं होतं. हे दोघे सख्खे भाऊ दहा-बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. का, ते गावाला माहीत होतं. त्यांची आई गेली तेव्हा शांतिनाथ ट्रक घेऊन गुजरातकडं गेलेला. त्या वेळी निरोप पोचवायला वाटेतल्या धाब्यांवर फोन करत बसण्याशिवाय इलाज नव्हता. निरोप पोचला, पण तो घरी येईतो आदगोंडांनी आईला अग्नी दिला होता. शांतिनाथनं दारात उभं राहून विचारलं, की अर्धा दिवस थांबला असतास तर काय झालं असतं? त्यावर आदगोंडा काही बोलले नाहीत. त्यानंतर शांतिनाथही काही बोलला नाही. एका घरात वर आणि खाली राहून, जिना बाहेरच्या बाजूनं असल्यामुळं, दोघांना समोरासमोर न येताही दिवस काढता येत होते.

आदगोंडांनी संमतीला बरेच दिवस नकार दिला. विचारायला गेलेल्या प्रत्येकाला त्यांनी वेगळं कारण सांगितलं. कुणाला म्हणाले भिंतीला धक्का बसेल, कुणाला म्हणाले धुरानं कापड काळं पडेल. ते शिंपी होते आणि बायको गेल्यापासून वर एकटेच असत. एकुलती एक मुलगी सांगलीला दिलेली. मग ती बाळंतिणीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, कुठं सही करायची विचारलं आणि केली.

काम सुरू झालं. माझ्या हाताखाली दस्तगीर मिस्त्री होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे, आणि माझ्या प्रत्येक सूचनेवर आधी एकदा मान डोलावून मग कामाला लागणारे. आम्ही भिंतीला आरपार तीन भोकं पाडली, त्यांतून लोखंडाचे जाड तुकडे घातले आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांखाली, एक घरात आणि एक रस्त्यावर, असे आट्यांचे टेकू उभे केले. टेकूचा दांडा फिरवला की तो चढतो किंवा उतरतो. वरच्या भिंतीचं ओझं टेकूंनी उचललं तेव्हा खालची भिंत काढली. दोन्ही कडांना गर्डरची टोकं टेकायला काँक्रीटच्या उशा भरल्या, त्या पक्क्या होऊ दिल्या, मग आठ माणसांनी मिळून गर्डर चढवले. गर्डरचा माथा आणि वरच्या विटा यांच्यामधल्या फटीत सिमेंट-वाळूचा जवळजवळ कोरडाच मसाला ठासून ठासून भरला आणि तोही घट्ट व्हायला आठवडा दिला.

राहिलं ते शेवटचं काम. टेकू हलके करायचे आणि टेकूंवरचं ओझं गर्डरवर येऊ द्यायचं. हे एकदम करत नाहीत. एका जोडीचा दांडा थोडा फिरवायचा, थांबायचं, बघायचं, मग पुढची जोडी. टेकू जागचा काढायचा नाही, भिंतीपासून केसभर खाली ठेवायचा, म्हणजे काही चुकलंच तर भिंत केसभर उतरून पुन्हा त्याच्यावरच टेकते. खाली गर्डरला समांतर एक दोरी ताणलेली होती. गर्डर किती वाकतो ते तिच्यावरून कळणार होतं. वर खिडकीच्या आसपास जुन्या बारीक चिरा होत्या, त्यांच्यावर मी काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. भिंत जरा जरी हलली तर काच आधी तडकते.

तर त्या सकाळी अण्णा उतरायला तयार नव्हते, आणि वर पट्ट्यांवर नजर ठेवणारा गडी तापानं पडल्यामुळं आला नव्हता. मी क्षणभर विचार केला. त्यांना जबरदस्तीनं उतरवण्याची गरज खरंच नव्हती. गरज वर कुणीतरी असण्याची होती.

"ठीक आहे, बसा," मी म्हणाले. "पण मग काम करावं लागेल. मशीन बंद ठेवा. या पट्ट्यांवर लक्ष ठेवायचं. खालनं विचारलं की सांगायचं, काच शाबूत आहे का नाही."

"कोण विचारणार खालनं?"

"दांडा ज्याच्या हातात असेल तो."

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली आणि स्टूल ओढून खिडकीजवळ बसले.

खाली आले तर शांतिनाथ आतल्या बाजूच्या मधल्या टेकूपाशी उभा होता. दुसरा गडी नव्हता, तेव्हा दांडा त्यालाच धरायचा होता. बाहेर दस्तगीर मिस्त्री. मी दोघांना सांगितलं, की माझं लक्ष दोरीवर असणार. प्रत्येक वेळी फिरवायच्या आधी वर विचारायचं, उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही.

"वर कोण हाय?" शांतिनाथनं विचारलं.

"अण्णा."

मिस्त्री माझ्याकडं बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला कळत होतं, पण मी पोलादी मोजपट्टी दोरीला लावून आकडा वाचत राहिले. घरातला अबोला सांभाळणं माझ्या कामात येत नव्हतं. मला वरून हो किंवा नाही हवं होतं.

रस्त्यावर माणसं जमली होती. देवळाच्या पायऱ्यांवर काही जण बसले होते. शांतिनाथनं दांड्यावरचा हात काढला, पँटला पुसला, पुन्हा ठेवला. मग त्यानं मान वर करून फळ्यांकडं बघितलं.

"वर?" तो म्हणाला. एवढंच. आवाज बसलेला.

वर स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग फळीतून उत्तर आलं, "ठीक."

"फिरवा," मी म्हणाले.

दोघांनी एकदम पाव फेरा फिरवला. लोखंड कुरकुरलं आणि गप्प झालं. दोरीपाशी काही फरक नव्हता.

"वर?"

"ठीक हाय."

असं चालू झालं. मधली जोडी हलकी झाली, गर्डर मला हवा होता तेवढाच, अगदी थोडासा वाकला. शांतिनाथ दर वेळी तोच एक शब्द विचारायचा आणि वरून तेच उत्तर यायचं. पण त्याचा आवाज मोकळा होत चालला होता. आपण कुणाशी बोलतोय याकडं त्याचं ध्यान कमी आणि कामाकडं जास्त होतं. मला ते बरं वाटलं, कामाच्या दृष्टीनं.

मधल्यानंतर डावीकडची जोडी घेतली. दुसरा पाव फेरा फिरला आणि वर काहीतरी टचकन वाजलं.

"थांब!"

अण्णांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. शांतिनाथचे दोन्ही हात दांड्यावरून हवेत उचलले गेले, चटका बसावा तसे.

"थांबलोय," तो म्हणाला. आणि मग, वर बघत, "थांबलोय, अण्णा."

मी दोरीकडं पाहिलं, टेकूकडं पाहिलं आणि जिना चढून वर गेले. खिडकीच्या डाव्या अंगाची पट्टी मधोमध तडकली होती. चिरेत मी नख घालून बघितलं, नख आत जात नव्हतं. भिंतीवर हात ठेवून मी क्षणभर उभी राहिले. उजवीकडच्या पट्ट्या शाबूत होत्या. मधल्याही होत्या. म्हणजे दोष गर्डरचा नव्हता, उशांचाही नव्हता. डावीकडं एका हातभर जागेत विटांची खालची बाजू वाकडीतिकडी होती, तिथं ठासलेला मसाला आतपर्यंत पोचला नसणार. तेवढा भिंतीचा तुकडा गर्डरला शोधत खाली आला होता.

मी खिडकीतून वाकून मिस्त्रींना सांगितलं, की डावा टेकू परत वर घ्या, तेवढा मसाला खरवडून काढा, तिथं लोखंडी पाचरी जोडीनं ठोका आणि नव्यानं ठासा. त्यांनी मान डोलावली आणि छिन्नी मागवली. रस्त्यावरून कुणीतरी म्हणालं, बाई, पुरे करा आता, घर वाचवा. मी त्याला सांगितलं, की घर वाचवायचंच काम चाललंय, जरा बाजूला सरा.

पाचरी बसून नवा मसाला जरा आवळून येईपर्यंत वेळ होता. मी तडकलेल्या पट्टीशेजारी नवी पट्टी चिकटवायला घेतली. अण्णा स्टुलावरच होते. खालून हातोड्याचे ठोके फळ्यांतून आमच्या पायांत येत होते.

"भीती वाटली?" मी विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी मलाच विचारलं, "बाई, एक विचारू का? ते 'वर?' म्हणून विचारतोय, ते तुम्हीच सांगितलंसा व्हय त्याला?"

"हो."

"पण विचारतोय मला न्हवं?"

मी पट्टी धरून तशीच राहिले. त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं नाही, खालच्या फळ्यांकडं बघत होते.

मग ते सावकाश सांगत गेले. खालची खोली शांतूच्या बैठकीची. या फळ्यांतून सगळं वर ऐकू येतं. सकाळी तो रेडिओ लावतो. चप्पल सापडत नाही म्हणून बायकोवर चिडतो. पोरीला पाढे विचारतो, सतराच्या पाढ्याला दोघंही अडखळतात. गाडीवरून दमून आला की तक्क्याला टेकून घोरतो. दहा-बारा वर्षं त्यांनी या खिडकीशी मशीन मांडून हेच ऐकलं होतं. लोक म्हणत, अण्णा, मागच्या खोलीत बसा, तिथं वारं येतंय. ते बसले नाहीत.

"आता तो मागं बसणार," अण्णा म्हणाले. "माझ्या खाली गाडी ऱ्हाणार. गाडीचं काय ऐकू?"

"म्हणून तुम्ही नाही म्हणत होता?"

"व्हय. दुसरं काय सांगायचं लोकास्नी? पण ती बाळंतीण... गाडी घरात पायजे, हे खरं हाय." त्यांनी पायानं फळीवरची धूळ सारली. "आईला मी ठेवायला पायजे होतं. समदी म्हणत होती उरका, उरका. मी उरकलं. त्यानं दारात विचारलं तवा तोंडातनं शब्द फुटला न्हाई. आणि मग तसंच ऱ्हायलं."

मी सव्वीस वर्षांची होते आणि मला गर्डरचं सगळं येत होतं. मी पट्टीच्या कडा बोटानं दाबून बसवल्या. तेवढ्यात खाली तापानं पडलेल्या गड्याचा धाकटा भाऊ आला, मी येऊ का वर, म्हणून विचारायला लागला. खिडकीतून मी त्याला नको म्हणून सांगितलं.

खाली आल्यावर शांतिनाथनं मला बाजूला घेतलं. वर काय झालं, भिंत कितपत फाटली, हे विचारता विचारता त्यानं हळूच विचारलं, की ते घाबरलेत का. मी म्हणाले, "मला काय विचारता? वर माणूस आहे."

दुपार कलली तेव्हा पुन्हा दांडे धरले. आता शांतिनाथ घाई करत नव्हता. डावी जोडी त्यानं पाव फेऱ्याच्याही निम्म्यानं फिरवली.

"अण्णा, डावी पट्टी बघ. नवी."

"बघतोय. शाबूत हाय."

"हात लाव तिला."

"लावलाय."

"फिरवू?"

"फिरव."

मिस्त्रींनी बाहेरून दांडा फिरवला, शांतिनाथनं आतून. मी दोरीशी मोजपट्टी धरली. वाक वाढला, थोडा, आणि थांबला. मग अण्णांनी आपण होऊनच सांगितलं, न विचारता, की काही झालं नाही, काच तशीच आहे, खिडकीचं दारसुद्धा नीट लागतंय, लावून बघितलं. शांतिनाथला हसू आलं. ते त्यानं लपवलं नाही.

मग उजवी जोडी. ती अगदी सहज उतरली. शेवटचा फेरा झाल्यावर मी एकेका टेकूच्या माथ्याशी पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून पाहिला. सगळीकडं तो आरपार गेला. म्हणजे टेकूंवर आता काहीच नव्हतं. सगळं गर्डरवर होतं. मी आकडा वाचला. माझ्या हिशेबापेक्षा वाक थोडा कमीच होता.

"झालं," मी म्हणाले. "घर गर्डरवर बसलं."

मिस्त्रींनी दांडा जमिनीवर ठेवला आणि पाठ सरळ केली. रस्त्यावरची माणसं पुढं आली, गर्डरला हात लावून बघायला लागली. सकाळी नाकं मुरडणारे दोघे-तिघे मला त्यांच्याही घराचं काहीबाही सांगायला लागले. पुढची कितीतरी कामं मला त्या दिवसानं दिली. पण तेव्हा माझं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं.

शांतिनाथ त्या मोकळ्या जागेच्या मधोमध उभा होता. विचारायचं आता काही उरलं नव्हतं. दांडा हातात नव्हता. तरी तो वर मान करून उभाच होता. ऊन देवळाच्या शिखरावर चढलं होतं. चौगुल्यांचं घर जैनांचं, तिथं दिवस मावळल्यावर ताट वाढत नाहीत आणि सकाळपासून घरात कुणी जेवलं नव्हतं.

"शांतू," वरून आवाज आला.

"ओ."

"जेवलास?"

"न्हाई अजून."

"दिवस मावळंल की."

"तू?"

"भात टाकलाय," अण्णा म्हणाले. मग म्हणाले, "जास्तीच टाकलाय."

शांतिनाथनं घराच्या मागं जाऊन नळाखाली हात-पाय धुतले, बायकोला काहीतरी सांगितलं आणि ओल्या पायांनी बाहेरच्या जिन्याकडं वळला. पहिल्या पायरीवर तो थांबला, मग एकेक पायरी चढत वर गेला. वरचं दार वाजलं. फळ्यांवर दुसरी पावलं ऐकू आली आणि खिडकीजवळ येऊन थांबली.

मी पुन्हा खाली वाकून दोरीला मोजपट्टी लावली. मिस्त्रींनी विचारलं, ताई, आता परत कशाला?

"वर एक माणूस वाढलाय," मी म्हणाले.

अंतर तेवढंच होतं. केसाचाही फरक नव्हता.